मिरगापासून करवंदांपर्यंत

पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी खंडाळा सोडून घाट उतरायला लागली की बोगद्यांची रांग सुरू होते. दोन बोगद्यांच्या मधे क्षणभर उजेड येतो आणि उजव्या हाताला, खोल दरीच्या पलीकडे, डोंगराची दोन वशिंडे दिसतात. उंच ते श्रीवर्धन, बुटके ते मनरंजन. दोघांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचे देऊळ आहे आणि खाली माचीवर उधेवाडी नावाचे छोटे गाव. सगळे मिळून राजमाची. पुढचा बोगदा येतो, चित्र पुसले जाते आणि लोक परत वडापावाकडे वळतात.

डोंगर चढणाऱ्यांना मोजायची खोड असते. कोणाचे शंभर किल्ले झालेले असतात, कोणाचे दोनशे. माझी मोजणी वेगळी आहे. गेली अनेक वर्षे मी राजमाचीलाच जातो आणि दर वेळी नक्षत्र बदलून जातो. किल्ला तोच, पायवाट तीच. पण रोहिणीत गेलेला माणूस आणि माघात गेलेला माणूस एकमेकांना भेटले, तर आपण एकाच ठिकाणी गेलो होतो हे त्यांना पटणार नाही.

वाटा दोन. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने जाणारी सुमारे 15 किलोमीटरची, लांबलचक पण सपाटीची. दुसरी कर्जतकडून, कोंदिवडे गावातून कोंढाणे लेण्यांवरून थेट अंगावर येणारी. पहिली पायांना दमवते, दुसरी छातीला. मला दुसरी आवडते, कारण ती डोंगर कसा रचला आहे हे दाखवत वर नेते. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतल्या गेलेल्या लाव्हाचा आहे. एक थर घट्ट काळ्या दगडाचा, त्यावरचा बुडबुड्यांनी भरलेला, ठिसूळ. घट्ट थराचा कडा होतो, ठिसूळ थर झिजून सपाटी होते. म्हणून चढण, मग पदर, परत चढण, परत पदर असा जिना तयार होतो. कोंदिवड्याहून चढताना गुडघ्यांना जे कळते ते भूगर्भशास्त्रच असते. दोन थरांच्या सांध्यात पाणी झिरपते, तिथे झरा असतो आणि झऱ्याजवळ माणूस थांबतो. उधेवाडी अशाच एका पायरीवर वसली आहे.

आता नक्षत्रे. सुरुवात जानेवारीपासून करण्यात अर्थ नाही, या वाटेचे वर्ष मिरगाला उघडते. मृग 7-8 जूनला लागतो, पण त्याच्या आधीचे रोहिणीचे पंधरा दिवस मला फार मोलाचे वाटतात. हवा इतकी दमट की अंगावरचा शर्ट वाळत नाही, आभाळ दुपारी भरून येते आणि संध्याकाळी न बरसता निघून जाते. पावशा दिवसभर ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून डोके खातो. आणि अंधार पडला की काजवे निघतात.

एखाददुसरा काजवा कुठेही दिसतो. इथे अख्खे झाड पेटते आणि विझते. हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ अशा एखाद्या झाडावर हजारो काजवे बसलेले असतात. आधी ते आपापल्या मर्जीने लुकलुकतात, मग कुठून तरी ताल धरला जातो आणि पूर्ण झाड एका ठेक्यात उजळते. शेजारचे झाड तो ठेका उचलते. काजवा हा माशी नाही, भुंगेरा आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी लुसिफेरिन नावाचे द्रव्य असते, त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश पडतो. त्या प्रकाशात उष्णता जवळपास नसते. आपल्या जुन्या पिवळ्या बल्बची बहुतेक वीज नुसती तापण्यात जायची, त्या मानाने हा किडा फार काटकसरी. पंख फुटण्याआधीचे त्याचे आयुष्य मात्र जमिनीवर, ओल्या पाचोळ्यात, अळीच्या रूपात गोगलगायी खाण्यात जाते. झाडावर चमकायला मिळतात ते शेवटचे दोन-तीन आठवडे, आणि तेही सोयरिकीसाठी. नर खूण देतो, मादी उत्तर देते. या बोलाचालीत मोबाइलचा टॉर्च घुसला की दोघांचाही गोंधळ उडतो. हल्ली या दिवसांत शनिवारी रात्री वाटेवर इतके टॉर्च असतात की काजव्यांनी आपल्याला बघायला यावे. जायचे तर मंगळवारी-बुधवारी, अमावास्येच्या आसपास, आणि टॉर्चला लाल कागद लावून.

पहिला पाऊस पडला की काजव्यांचा बाजार उठतो आणि भाज्यांचा भरतो. शेवळ सगळ्यांत आधी जमिनीतून डोके काढते, जांभळट रंगाचे, पणतीतल्या वातीसारखे. कर्जतच्या बाजारात आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात आणि शेजारीच काकडे नावाची छोटी हिरवी आंबट फळे ठेवतात. नवखे गिऱ्हाईक फक्त शेवळ घेऊन जाते आणि रात्री घसा धरून बसते. शेवळात चुनखडीसारख्या द्रव्याचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच खाजवतात. काकड्याच्या आंबटपणाने ती खाज मारली जाते. हे रसायनशास्त्र त्या बायकांच्या पाटीत जोडीने विकायला असते.

मग खरा पाऊस. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे कोकणची पट्टी ओलांडून या भिंतीला थडकतात. पुढे जायचे तर वर चढावे लागते, वर चढले की हवा गार होते, गार हवेला तेवढी वाफ पेलत नाही. ओझे इथेच टाकून वारा पलीकडे जातो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. रेल्वेने 64 किलोमीटरवरच्या पुण्यात 700च्या आसपास. राजमाची त्या भिंतीच्या अगदी ओठावर आहे. शेतकरी पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’. या वाटेवर दोघांत मला कधी फरक करता आलेला नाही. म्हाताराही तितकाच दांडगा असतो.

उल्हास नदी याच दरीत उगम पावते. ढाक आणि राजमाचीच्या कड्यांवरून कोसळणारे सगळे धबधबे तिचे. पुढे ती कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. इथे वर पडलेला पाऊस खाली काय करतो हे 2019 साली 26 जुलैच्या रात्री दिसले. उल्हासला पूर आला आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवाशांना दुसऱ्या दिवशी होड्यांतून बाहेर काढावे लागले. वाटेवरच्या ओढ्यांचेही तेच, फक्त हिशेब छोटा. पाणलोट लहान असल्यामुळे ओढा अर्ध्या तासात चढतो आणि पाऊस थांबला तर तासा-दीड तासात उतरतोही. एका जुलैत मी तेवढा धीर धरला नाही. गुडघ्याएवढे पाणी आहे, म्हटले जाऊ. मधोमध पोचल्यावर पाणी गढूळ झाले, म्हणजे वर कुठेतरी लोंढा सुटला होता. पलीकडे पोचलो तेव्हा पायात एक बूट होता. उरलेली वाट मी एका बुटावर आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीवर चाललो. तेव्हापासून नितळ पाण्याचा रंग बदलला की मी थांबतो, मग पलीकडे भजी तळली जात असली तरी.

पावसाळ्यातल्या राजमाचीबद्दल एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. जुलैत तिथे काही दिसत नाही. दहा हातांवर धुके, समोर भिजलेली पाठपिशवी, कानांवर पाऊस. श्रीवर्धनच्या बुरुजावर उभे राहून लोक पांढऱ्या पडद्याचे फोटो काढतात. ऐकण्यासारखे मात्र खूप असते. दरीतून कोणीतरी पोरगा टिवल्याबावल्या करत शीळ घालतोय असे वाटते. तो शीळकरी कस्तूर असतो, धबधब्याजवळ घरटे करणारा काळा-निळा पक्षी. त्याची शीळ ऐकायला मी जुलैत जातो. बघायला नाही.

आणि दुसरे असे की, पावसाळ्यात या वाटेने न चालण्याची रीत फार जुनी आहे. कोंढाण्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या वाटांच्या कडेने अशी लेणी खोदली गेली. घाट चढून वर गेले की कार्ले आणि भाजे लागतात. कोंढाण्याच्या चैत्यगृहाची पिंपळपानी कमान अजून डोळे वर करायला लावते. तिथे एका भग्न मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी लिपीतली एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा अर्थ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव आपल्याला माहीत असण्याचे प्रसंग थोडे, त्यातला हा एक.

बौद्ध भिक्खूंना नियम होता की पावसाळ्याचे तीन महिने फिरायचे नाही, एका जागी राहायचे. वर्षावास म्हणतात त्याला. चिखलात पाय रुततात, ओढे अडवतात, आणि उगवते अंकुर व किडेमुंग्या पायाखाली चिरडतात. विहारातल्या त्या छोट्या खोल्या, दगडी ओटे, समोरचे टाके हे सगळे या तीन महिन्यांचे घर. पावसाळ्यात कोंढाण्याला गेलात तर लेण्यांच्या कपाळावरून धबधबा पडत असतो आणि आत बसून बाहेरचे जग पाण्याच्या पडद्यातून दिसते. बलकाला ते दृश्य दर वर्षी दिसले असणार.

भिक्खू आत, तसे पुढच्या काळात लष्करही आत. राजमाची 1657 साली शिवाजी महाराजांनी घेतली, 1713 मध्ये शाहू महाराजांकडून ती कान्होजी आंग्र्यांकडे गेली, 1818 मध्ये इंग्रजांनी घेतली. या सगळ्या काळात मोहिमांचे वेळापत्रक पावसाने ठरायचे. पावसाळ्यात छावणी, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर. लमाणांचे बैलांचे तांडेही घाट उकलल्यावरच चढायचे. म्हणजे मृग ते दसरा घाटवाट बंद, दसरा ते रोहिणी चालू, असा शिरस्ता. तो आपण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत उलटा करून टाकला. जुलै-ऑगस्टच्या रविवारी वाटेवर रांग लागते, आणि जी वाट दसऱ्यानंतर शतकानुशतके गजबजायची तिच्यावर डिसेंबरच्या आडवारी माणूस भेटत नाही. हौसेला नावे ठेवायची नाहीत, मीही त्याच रांगेत उभा राहिलो आहे. पण डोंगरही पावसात बदलत असतो. 2014 मध्ये माळीण आणि 2023 मध्ये, राजमाचीपासून फार लांब नसलेली, इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, दोन्ही जुलै महिन्यात. उतारावरची माती पाण्याने फुगली की तिला खालच्या दगडावर पाय रोवता येत नाहीत. त्या आठवड्यांत डोंगराने कोणाला बोलावलेले नसते.

पूर्वा-उत्तरा नक्षत्रांत पाऊस दमतो आणि ऊन-सावलीचा खेळ सुरू होतो. बहुतेकांचे रेनकोट तोवर माळ्यावर गेलेले असतात. मला वाटते, याच वेळी ते खाली हवेत. किल्ल्याचे उतार सोनकीने पिवळे होतात, बांधांवर तेरडा गुलाबी. ओल्या कातळावर निळसर जांभळी, तांदळाएवढी फुले असतात. त्यांना सीतेची आसवे म्हणतात. नाव हळवे, वागणे तसे नाही. मुळांसारख्या धाग्यांवर बारीक पिशव्या असतात, पाण्यातला जीव केसाला लागला की पिशवी त्याला क्षणार्धात आत ओढते. कातळावरच्या बोटभर मातीत नत्र नसते, म्हणून ही शिकार. दोन-तीन महिन्यांत उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि संपायचे, एवढ्या घाईत कोण सात्त्विक राहील?

कारवीला ही घाई नाही. राजमाचीच्या जंगलात पुरुषभर उंचीच्या तिच्या जाळ्या आहेत. ती साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते, डोंगरच्या डोंगर जांभळा करते आणि मरून जाते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2008, 2016 आणि 2024 मध्ये फुलली. दुसऱ्या डोंगरावर तिचे साल वेगळे असू शकते. बोंडे वाळतात आणि पुढच्या पावसाचे थेंब पडले की तडतड आवाज करत फुटून बी उडवतात. सगळ्यांनी एकदम फुलण्याचा फायदा असा की खाणाऱ्यांनी पोटभर खाल्ले तरी बी उरतेच. गावात कारवीच्या काठ्यांचे कूड करतात, त्यावर शेणमाती लिंपली की भिंत तयार. उधेवाडीच्या जुन्या घरात मी अशा भिंतीला टेकून जेवलो आहे, भिंत माझ्यापेक्षा वयाने मोठी होती.

ऑक्टोबरबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. उकडते.

हिवाळ्यात मात्र राजमाची सगळे दाखवते. पहाटे श्रीवर्धनवर जावे. रात्री गार जड हवा दरीत उतरून बसलेली असते, तिच्यात धुके गोठते, आणि उल्हासचे खोरे दुधाने भरल्यासारखे दिसते. त्यातून ढाकचा सुळका वर, समोर नागफणी, पश्चिमेला माथेरान-प्रबळ, पूर्वेला शिरोट्याचे पाणी. घाटातली गाडी मुंगीसारखी बोगद्यातून बोगद्यात जाते. तिच्या खिडकीत बसून कोणीतरी या दोन वशिंडांकडे बघत असणार, असा विचार दर वेळी येतो.

परतताना मोजे काढून बघावेत. त्यांत कुसळे भरलेली असतात. सगळे ट्रेकर या गवताला शिव्या देतात, मी त्याच्या कारागिरीवर लट्टू आहे. कुसळाच्या एका टोकाला बी, टोकदार आणि मागे वळलेल्या केसांचे, म्हणजे घुसते पण निघत नाही. दुसरीकडे लांब शेपूट, दोरीसारखी पीळ भरलेली. दहिवर पडले की पीळ सुटतो, ऊन लागले की परत भरतो. या उलटसुलट फिरण्याने बी गिरमिटासारखे जमिनीत स्वतःला फिरवत घुसते. मजूर नाही, नांगर नाही, रोजची थंडी आणि रोजचे ऊन एवढ्यावर पेरणी. आपला मोजा ही त्याची चूक. एक कुसळ ओल्या बोटाने धरून तळहातावर ठेवा, ते वळताना दिसते.

माघ-फाल्गुनात झाडे पाने टाकतात. कांडोळ तर पांढऱ्याफटक बुंध्याने नागडा उभा असतो, चांदण्यात भुतासारखा. पाणी कमी, मग पानांतून उडून जाणारे पाणी वाचवायचे, हे एक. आणि पाने नसली की फूल लांबून दिसते, हे दुसरे. काटेसावर, पांगारा आणि पळस लालभडक फुलतात ते मुख्यतः पाखरांसाठी. फुलांच्या पेल्यांत पातळ मध भरलेला असतो आणि मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची सकाळी तिथे चहाच्या टपरीवर होते तशी गर्दी. कोणी कोणाला बसू देत नाही, आणि त्या मारामारीत परागकण इकडचे तिकडे होतात.

याच दिवसांत वाटेवर धूर दिसतो. काही ठिकाणी तो वणवा असतो, कोणीतरी टाकलेल्या विडी-सिगारेटचा किंवा मुद्दाम लावलेला, आणि तो वाईटच. पण खाचराच्या कोपऱ्यातला आटोपशीर धूर राबाचा असतो. भाताचे रोप जिथे करायचे तिथे फांद्या, पाला, शेणी पसरून जाळतात. तणाचे बी मरते आणि राख मिळते. वाटेवरची ऐनाची झाडे फांद्या छाटलेल्या खांबासारखी का दिसतात, त्याचे उत्तर हेच. वर्षानुवर्षे त्यांचा पाला राबाला गेला आहे.

वैशाखात कोणी येत नाही. पाच-साडेपाचला चालायला लागून नऊच्या आत माचीवर पोचले तर हे दिवस मला वर्षातले सर्वांत चविष्ट वाटतात. अंजनीला निळी फुले, वाटेच्या दोन्ही बाजूंना करवंदे. कोवळे असताना तोडले तर देठातून पांढरा चीक, पिकले की काळे आणि बोटे जांभळी. दुपारी किल्ल्यावरच्या टाक्यांत वाकून बघावे. कातळात खोदलेली, सूर्य तळाला न पोचू देणारी ही टाकी मे महिन्यातही थोडे पाणी राखतात. गावाला ते पुरत नाही. बायकांच्या खेपा तलावाकडे वाढतात, आणि हंडा उतरवताना ‘पाणी द्या’ म्हणणारा शहरी पाहुणा किती पितो याकडे त्यांचे लक्ष असते. बाटली खालूनच भरून आणावी.

गेल्या वैशाखात मी ज्यांच्या ओट्यावर उतरतो त्या मावशी पडवीत लाकडे रचत होत्या. आगोट चालली होती. चार महिने वाट धड नसते, म्हणून मीठ, मिरची, तेल, तांदूळ, लाकूडफाटा, सुकी मासळी सगळे मिरगाच्या आत घरात यायला हवे. मी करवंदे धुऊन दिली, त्यांनी नाचणीची भाकरी टाकली. निघताना विचारले, पुढच्या वेळी खालून काही आणू का.

“काडेपेट्या आण डझनभर,” त्या म्हणाल्या. “मिरगाच्या आत आलास तर. मागनं आलास तर नको आणूस, वाटेतच भिजतील.”